सात मेगाहर्ट्झचा डायपोल किती उंच टांगावा? गच्चीवरून परसातल्या झाडांवर गेलेल्या एका तारेचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातले हे प्रकरण आहे. हौशी रेडिओचे (‘हॅम’) परवानाधारक निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत. गावात आणि हवेवरही सगळे त्यांना ‘सर’च म्हणतात, म्हणून इथेही तेच. नाव, गाव आणि कॉलसाइन मुद्दाम दिलेले नाही.

सरांकडे जनरल ग्रेडचा परवाना आणि १०० वॉटचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा संच, ‘रिग’. गरजा दोन. पहिली, रोज सकाळी ४० मीटर बँडवर (सात मेगाहर्ट्झच्या आसपास) महाराष्ट्र आणि गोव्यातल्या स्टेशनांशी बोलणे. दुसरी, सवड मिळेल तेव्हा संध्याकाळी २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झच्या आसपास) देशाबाहेरची स्टेशने पकडणे. पहिली गरज हौसेपुरती नव्हती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे पूर आला, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, तेव्हापासून जिल्ह्यातल्या हॅम मंडळींना एक गोष्ट पक्की कळली होती: घाटापलीकडच्या शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या माणसाशी बॅटरीवर बोलता आले पाहिजे. सह्याद्री मध्ये आडवा असताना व्हीएचएफ (जवळजवळ सरळ रेषेत जाणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सी) तिथे पोचेलच असे नाही. सात मेगाहर्ट्झ पोचते, पण तार तशी टांगलेली हवी.

घर तळमजला अधिक एक मजला, स्लॅबची गच्ची जमिनीपासून ६.८ मीटरवर. गच्चीच्या दोन कोपऱ्यांत जीआय पाइप उभे करून ४० मीटरचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली दोन बाजूंची तार) स्लॅबपासून अडीच मीटरवर टांगलेला. २० मीटर तारेपैकी साधारण १३ मीटर तार थेट स्लॅबच्या वर, उरलेली दोन्ही टोके पाइपांच्या पुढे तिरकी खाली ओढून बांधलेली. घरासमोरच्या रस्त्याने ११ केव्हीची लाइन जाते. मागे सरांचेच परसू, तिथे बांधाला दोन सिल्व्हर ओक, एकमेकांपासून सुमारे २७ मीटर अंतरावर.

अडचण

तक्रार साधी होती. १०० वॉट सोडूनही कोल्हापूर-रत्नागिरीकडचे लोक ‘सर, कॉपी नाही, परत सांगा’ म्हणत आणि सरांच्याच शेजारच्या तालुक्यातला २० वॉटवाला स्वच्छ ऐकू जाई. ऐकण्याचीही तीच गत. बँड रिकामा असताना मीटरचा काटा एस-सातवर (संकेताची ताकद एस-एक ते एस-नऊ अशी मोजतात) बसलेला, त्याखालचे सगळे बुडालेले.

आणि तरी एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते याचे माप, आदर्श १) ७.०८ मेगाहर्ट्झवर १.२! सरांचा सगळा भरवसा या आकड्यावर होता. शिवाय ‘तार जमिनीपासून सव्वानऊ मीटर उंच आहे, म्हणजे तरंगलांबीच्या पावपटीला फार काही कमी नाही’ असा त्यांचा हिशोब. तेव्हा अँटेनाला हात न लावता अँप्लिफायर घ्यावा का, असा प्रश्न त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका जुन्या हॅमला विचारला. त्या हॅमने उलट विचारले, “सर, सव्वानऊ मीटर कुठून मोजलेत? जमिनीपासून की स्लॅबपासून?”

प्रकरणाची किल्ली या प्रश्नात आहे.

निदान: उंची मोजायची कुठून

आडव्या डायपोलचा आकृतिबंध तार आणि तिच्याखालची जमीन मिळून ठरवतात. खाली जाणारी लहर जमिनीवरून परतते आणि सरळ वर जाणाऱ्या लहरीत मिसळते. कोणत्या कोनाला दोघींची बेरीज होते आणि कोणत्या कोनाला वजाबाकी, हे उंचीवरून ठरते. म्हणून उंची मोजायची ती तारेला ‘जमीन’ म्हणून जे काही दिसते तिथपासून. स्लॅबमध्ये वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या सळया असतात. ४२ मीटर लांबीच्या लहरीला ती जाळी जवळजवळ सलग पत्र्यासारखीच दिसते. म्हणजे सरांची तार सव्वानऊ नव्हे, अडीच मीटर उंच होती: तरंगलांबीच्या सहा शतांश.

आता एसडब्ल्यूआरचे कोडे. आदर्श आरशावर इतक्या खाली असलेल्या डायपोलचा रेडिएशन रेझिस्टन्स (ताकद लहरी होऊन बाहेर जाते, तेवढाच रोधाचा भाग) १० ओहमच्याही आत असतो, कारण तार आणि तिची प्रतिमा एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात. तसे असते तर एसडब्ल्यूआर पाचच्या पुढे दिसला असता. नॅनोव्हीएनए या छोट्या मोजमाप-यंत्रावर फीड पॉइंटला (केबल तारेला जोडते तिथे) दिसले ४६ ओहम. मग वरचे पस्तीस-एक ओहम आले कुठून? तो तोटा आहे. गंजलेल्या सळयांचे सांधे, गच्चीखालून गेलेले घरचे वायरिंग, सोलर हीटरचे पाइप, या सगळ्यांत करंट वाहतो आणि ऊब होऊन जातो. स्लॅब हा काही तंतोतंत आरसा नव्हे, त्यामुळे हा हिशोब ओबडधोबड आहे. पण सोडलेल्या पॉवरचा मोठा हिस्सा घर तापवत होता हे त्यातून नक्की कळते. सुंदर एसडब्ल्यूआर हेच इथे आजाराचे लक्षण होते. डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायचा, ताकद नुसती जिरवणारा रोध) एसडब्ल्यूआर उत्तमच असतो, ही गोष्ट प्रत्येक नव्या परवानाधारकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

आणि हेच नाते उलट्या दिशेनेही चालते. वायरिंगमध्ये तारेची ताकद शिरते, तसा वायरिंगमधला कचरा तारेत येतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद केले, शेवटी मेन स्विच खाली ओढून रिग बॅटरीवर चालवला, तेव्हा नॉइज एस-सातवरून एस-पाचवर उतरला. म्हणजे बहुतेक गोंगाट घरचाच.

आणखी एक गोष्ट सरांच्या पत्नीने दाखवून दिली. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालायला गच्ची हीच जागा, आणि कठड्याजवळ तारेची उतरती टोके हाताला लागतील अशी. डायपोलच्या टोकांना १०० वॉटला शेकडो व्होल्ट असतात. तिथे हात लागला तर भाजते. अँटेना गच्चीवरून हलवायला हे एक कारणही पुरेसे होते.

कोणते कोन हवेत

उंची ठरवण्याआधी कुणाशी बोलायचे ते ठरवावे लागते. एफ-टू थर (रेडिओ लहरी परत खाली पाठवणारा आयनांबराचा थर) ३०० किलोमीटरवर धरला, तर सरांच्या गावाहून एका उडीत पोचण्यासाठी लहर क्षितिजापासून किती अंश वर निघायला हवी ते असे येते: कोल्हापूर-रत्नागिरी (सुमारे १०० किमी) ८० अंश, नाशिक किंवा पणजी (२५० किमीच्या आसपास) ६६ अंश, नागपूर (६५० किमी) ४१ अंश, दिल्ली (साडेबाराशे किमी) २२ अंश. परदेशी स्टेशनांसाठी १०-१५ अंश.

म्हणजे सकाळच्या नेटला (ठरल्या वेळी स्टेशनांनी हवेवर जमण्याला) ४० ते ९० अंशांत ताकद हवी, तर संध्याकाळच्या २० मीटरला शक्य तितकी खाली. एकाच उंचीत दोन्ही साधायचे होते.

विचारात घेतलेले पर्याय

गच्चीवरच सहा मीटरचा पाइप उभारून इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्य उंच आणि टोके खाली असलेला डायपोल. जुन्या सामानात होणारे काम. पण फीड पॉइंटजवळचा भाग, जिथे करंट सर्वांत जास्त असतो, तो स्लॅबपासून सहा मीटरवरच राहतो आणि टोके पुन्हा खाली घराकडे येतात. इन्व्हर्टेड व्हीची उंची म्हणून शेंड्याची उंची सांगायची सवय आहे, ती फसवी आहे. करंटच्या वाटणीनुसार सरासरी काढली तर शेंड्यापासून टोकापर्यंतच्या उताराचा साधारण ३६ टक्के भाग शेंड्याच्या उंचीतून वजा करावा लागतो. शेंडा १२ मीटर आणि टोके ७ मीटरवर असतील तर कामाची उंची १०.२ मीटर. याशिवाय पाइप कलंडला तर रस्त्यावरच्या ११ केव्हीच्या दिशेने जाण्याची शक्यता. हा पर्याय तिथेच निकाली निघाला. पडताना कुठल्याही दिशेने लाइनपर्यंत पोचू शकेल असा खांब किंवा तार उभारायचीच नाही, यात तडजोड नाही.

गच्चीवर व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना-दांडा. खालच्या कोनांना चांगला, पण थेट डोक्यावरच्या दिशेला त्याचा खड्डा असतो. म्हणजे कोल्हापूर-रत्नागिरी आणखी हातचे जाणार. घरातला नॉइजही तो आडव्या तारेपेक्षा जास्त ओढतो.

परसात बांबूंवर सहा-साडेसहा मीटरवर डायपोल. जवळच्या संपर्काला पुरेसा, उभारायला सोपा. २० मीटरला मात्र लंगडा.

दोन सिल्व्हर ओकांमध्ये डायपोल. घरापासून २५ मीटर दूर, खाली खरी जमीन, आणि उंची १३ मीटरपर्यंत नेता येईल अशी. हाच घ्यायचे ठरले. प्रश्न उरला तो आकड्याचा.

साडेआठ, साडेदहा की तेरा

इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण बहुतेक जण ‘जितके उंच तितके चांगले’ म्हणून इथून पुढे निघून जातात.

७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२.२५ मीटर, १४.२ ला २१.१ मीटर. आदर्श जमीन धरून, रेडिएशन रेझिस्टन्समधला बदलही हिशोबात घेऊन, साडेआठ मीटरच्या तुलनेत बाकीच्या दोन उंची काढल्या. कोल्हापूरच्या कोनाला साडेदहावर ०.६ डेसिबल कमी, तेरावर १.६ डेसिबल कमी. नागपूरच्या कोनाला साडेदहावर ०.३ डेसिबल जास्त, तेरावर ०.७ जास्त. एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल. थोडक्यात, ४० मीटरवरचे हे सगळे फरक कानाला जाणवणारही नाहीत इतके बारीक आहेत.

२० मीटरवर चित्र बदलते. १२ अंशांच्या कोनाला साडेआठच्या तुलनेत साडेदहा मीटर सुमारे २.८ डेसिबल जास्त देते, तेरा मीटर पाच डेसिबलच्या आसपास. कारण सोपे आहे. साडेदहा मीटर ही ४० मीटर बँडची पाव तरंगलांबी आणि त्याच वेळी २० मीटर बँडची अर्धी. पाव तरंगलांबीवर डायपोलचा मुख्य झोत थेट डोक्यावर असतो. अर्ध्या तरंगलांबीवर मुख्य झोत ३० अंशांवर उतरतो आणि थेट वरचा भाग मिटतो. एकाच दोरीवर दोन बँडच्या तारा टांगल्या की एक नेटच्या कामाची, दुसरी दूरच्या.

मग तेरा का नको? सिल्व्हर ओकचे लाकूड ठिसूळ. वाऱ्यात फांद्या कडाकड मोडतात. तेरा मीटरची दोरी घ्यायला कप्पी शेंड्याकडच्या मनगटाएवढ्या फांद्यांवर न्यावी लागली असती. साडेअकरा-बारापर्यंत मात्र खोड मांडीएवढे जाड होते. दोन डेसिबलसाठी दर पावसाळ्याला तार खाली येणार असेल तर ती उंची कागदावरच ठेवलेली बरी. शिवाय जवळच्या स्टेशनांचे एक डेसिबल जाणार, आणि तीच या अँटेनाची पहिली गरज.

उभारणी

तार २.५ चौरस मिमी मल्टीस्ट्रँड, पीव्हीसी आवरणाची, घरगुती वायरिंगची. १.५ ची चालली असती, पण नरम तांबे ताणाने हळूहळू लांबते आणि रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) खाली सरकत जातो. १४३ भागिले मेगाहर्ट्झ या ठोकताळ्याने ७.१ ला एकूण २०.१ मीटर येते. आवरणामुळे प्रत्यक्षात दोन-तीन टक्के कमी लागते, पण कापताना लांबच ठेवायची. प्रत्येक बाजू १०.३ मीटर घेतली आणि छाटत छाटत ९.७८ वर थांबली. २० मीटर बँडच्या बाजू ५.२ मीटर घेऊन ४.९५ वर आल्या. या आतल्या तारा मुख्य तारेच्या ३५ सेंटीमीटर खाली, २० मिमी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांनी अंतर राखून टांगल्या. आधी ४० मीटरची छाटणी, मग २० ची; उलट केले तर दोनदा करावी लागते, कारण लांब तार आखूड तारेला ओढते.

मध्ये १:१ चोक बलून: २४० आकाराच्या ४३ मटेरियलच्या फेराइट रिंगवर आरजी-५८ कोॲक्सचे (अँटेनाकडे जाणाऱ्या, बाहेर जाळी असलेल्या केबलचे) १२ वेढे, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, डब्याला तळाशी पाणी निथळायला एक छिद्र. चोक नसेल तर कोॲक्सची बाहेरची जाळीच अँटेना होते आणि घरातला नॉइज पुन्हा त्या वाटेने वर चढतो. मग परसात जाण्याचा निम्मा फायदा वाया.

झाडावर कुणी चढले नाही. सरांच्या भाच्याने गलोलीने ६० ग्रॅमचा शिशाचा गोळा मासेमारीच्या दोऱ्यासह खोडाच्या बेचक्यातून पलीकडे टाकला. चौथ्या नेमात गेला. दोऱ्याला बारीक नायलॉन, नायलॉनला ६ मिमीची विणीव पॉलिस्टर दोरी आणि तिला कप्पी, अशा टप्प्याने. बाजारात सहज मिळणारी निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी मुद्दाम टाळली, कारण उन्हात ती भुगा होते. तारेचे टोक आणि फांद्या यांमध्ये दोन्हीकडे तीन-तीन मीटर मोकळी दोरी ठेवली. ओली पाने टोकाला लागली की रेझोनन्स हलतो.

एक टोक पक्के, दुसऱ्या टोकाची दोरी कप्पीवरून खाली आणून तिला वाळूने गच्च भरलेला पाच लिटरचा तेलाचा कॅन. वजन साधारण ८ किलो, म्हणजे ताण कायम ८ किलोचा. झाडे हलली की कॅन वरखाली होतो, तार तुटत नाही. कॅन जमिनीपासून दीड मीटरवर ठेवला आणि भोवती काट्या लावल्या, नाहीतर शेळ्या आणि पोरे दोन्ही तिथे जमतात.

पहिली चूक: झोळ

दोऱ्यांची टोके साडेदहा मीटरवर बांधली आणि काम झाले असे सगळ्यांनी धरले. मधल्या डब्याला दर मीटरला गाठ मारलेली सुतळी बांधलेली होती, म्हणून चूक लगेच पकडली गेली: मध्याची उंची साडेआठ मीटरच भरली. दोन मीटर झोळ!

कारण कोॲक्स. आरजी-२१३ मीटरला साधारण १५० ग्रॅम भरते. दहा मीटर लोंबते म्हणजे दीड किलो, वर अर्धा किलोचा डबा. २६ मीटरच्या गाळ्यात मध्यावर दोन किलो आणि ताण आठ किलो, तर एकट्या त्या वजनाने १.६ मीटर झोळ येतो. उरलेला तारांच्या स्वतःच्या वजनाचा. भाचा म्हणाला, “मामा, कॅन दुप्पट करू.” ताण दुप्पट केला असता तर झोळ निम्मा झाला असता, पण २.५ चौरस मिमी नरम तांबे सोळा किलोला कायमचे लांबू लागण्याच्या बेतात येते. त्याऐवजी लोंबणारे शेवटचे १२ मीटर आरजी-५८ चे केले. ती मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास. जमिनीलगतचे २६ मीटर आरजी-२१३ राहिले. झोळ १.२ मीटरवर आला, टोके ११.७ मीटरवर नेली आणि मध्य साडेदहावर बसला. कोॲक्सचा एकूण तोटा ७ मेगाहर्ट्झला एक डेसिबलच्या आसपास, १४ ला त्याहून थोडा अधिक. हा सौदा मान्य होता.

डायपोलची उंची म्हणजे मध्याची उंची. करंट तिथे असतो.

दुसरी अडचण: एसडब्ल्यूआर ‘बिघडला’

नव्या जागी, छाटणी पूर्ण झाल्यावर ४० मीटरवर एसडब्ल्यूआर १.६. सर नाराज. १.२ चा १.६ झाला म्हणजे काहीतरी चुकले, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. पण पाव तरंगलांबीवर डायपोलचा फीड रेझिस्टन्स ८० ते ८५ ओहम असतो. ५० ने भागा, तेवढाच एसडब्ल्यूआर येतो. आकडा वाढला याचा अर्थ तोट्याचे ओहम निघून गेले. या तारेला १.१ दाखवला असता तर उलट शंका घ्यायला हवी होती.

रिग १.६ ला पूर्ण पॉवर देत होता, म्हणून तसाच ठेवला. एखाद्याच्या रिगने दीडच्या पुढे पॉवर कमी केली, तर टोके मध्यापेक्षा दोन-तीन मीटर खाली घेऊन उथळ व्ही करावा. रेझिस्टन्स खाली येतो आणि रेझोनन्स थोडा सरकतो, तेवढी तार छाटावी. त्यासाठी अख्खी अँटेना खाली आणू नये.

चाचणी आणि तिच्यातली खोट

कागदावरचे आकडे खरे की नाही ते पाहायला मध्य ६.५, ८.५ आणि १०.५ मीटरवर प्रत्येकी आठवडाभर ठेवायचे ठरले. पहिला आठवडा पूर्ण वाया गेला. गच्चीवरची जुनी तार आधीच उतरवली होती, त्यामुळे तुलना करायला काहीच नव्हते. सात मेगाहर्ट्झवर फेडिंगच मिनिटाला दोन-तीन एस-युनिट हलते. ‘काल पाच-सात मिळाला, आज पाच-आठ’ (पहिला आकडा स्पष्टतेचा, दुसरा ताकदीचा) यावरून उंचीबद्दल काही म्हणजे काही ठरवता येत नाही.

जुनी तार पुन्हा चढवली, कोॲक्स स्विच लावला, आणि एकाच ओव्हरमध्ये (एका वेळच्या बोलण्यात) ‘आता एक नंबर, आता दोन नंबर’ असे चार-पाच वेळा फिरवून समोरच्याचे मत घ्यायला सुरुवात केली. समोरच्याला कोणता नंबर कोणता ते सांगायचे नाही. हवेवरच्या लोकांना मित्राच्या नव्या अँटेनाला चांगला रिपोर्ट द्यायचा मोह होतो.

निकाल असा. तिन्ही उंचींवर परसातली तार गच्चीवरच्या तारेपेक्षा एक ते दोन एस-युनिट वर. तिन्ही उंचींमधला आपसातला फरक ४० मीटरवर कुणालाच खात्रीने सांगता आला नाही, जसे हिशोबाने अपेक्षित होते. ऐकण्यात फायदा याहून मोठा होता: नॉइज एस-सातवरून एस-तीन-चारवर. कोल्हापूर-रत्नागिरीचे संपर्क सुधारले ते उंचीच्या दोन-चार मीटरने नव्हे, तर तार स्लॅबपासून आणि घरापासून सुटल्याने. २० मीटरवर मात्र ६.५ आणि १०.५ मधला फरक युरोपच्या स्टेशनांवर स्पष्ट ऐकू आला.

डिसेंबरचा गैरसमज

नोव्हेंबरअखेर तार साडेदहावर पक्की झाली. डिसेंबरात सकाळी पावणेसातच्या सुमारास कोल्हापूर-रत्नागिरी गायब, नागपूर मात्र खणखणीत. सरांनी निष्कर्ष काढला: तार फार उंच झाली, जवळचे सुटले. दोरी खाली सोडायची तयारीही झाली.

इथे थांबवणे गरजेचे होते. जवळच्या स्टेशनासाठी लहर जवळजवळ उभी वर जाते, आणि उभी लहर परतण्यासाठी थराची क्रिटिकल फ्रिक्वेन्सी सात मेगाहर्ट्झच्या वर हवी. महाराष्ट्र चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला, जिथे दुपारनंतर आयनांबर दाट होते त्या पट्ट्यात येतो. म्हणून दिवसभर ही अट सहज पुरी होते. पण रात्रभर थर विरळ होत जातो आणि पहाटे, सूर्योदयाच्या आधी, सर्वांत दुबळा असतो. तेव्हा उभी लहर आरपार निघून जाते. नागपूरच्या कोनाने तिरकी गेलेली मात्र परतते. तारेची उंची तो थर दाट करू शकत नाही.

तपासायची रीत सोपी. ज्यांची तार पाच-सहा मीटरवरच आहे त्यांना विचारायचे. विचारले, त्यांचेही जवळचे संपर्क त्याच वेळी तुटत होते. नेटची वेळ हिवाळ्यापुरती पाऊण तास पुढे ढकलली आणि कोल्हापूर परत आले. ज्यांना पहाटेच बोलायचे त्यांनी ८० मीटर बँडवर जावे. तार खाली घेतली असती तर २० मीटरचे तीन डेसिबल जाऊन हाती काहीच आले नसते.

वेगळे काय करता आले असते

जुनी तार चाचणी संपेपर्यंत उतरवायची नव्हती. एक आठवडा आणि बरीच चिडचिड वाचली असती.

नॉइजची पाहणी सर्वांत आधी हवी होती. बॅटरीवरचा छोटा रिसीव्हर आणि दहा मीटर तार घेऊन परसात एक सकाळ बसले असते, तरी जागा बदलण्याचा निर्णय त्याच दिवशी झाला असता, उंचीची चर्चा न करता.

लोंबणाऱ्या कोॲक्सचे वजन खरेदीआधीच मांडायला हवे होते; बारा मीटर आरजी-२१३ कापून बाजूला पडली आहे.

दिशेबद्दल मात्र पर्याय नव्हता. झाडे दक्षिणोत्तर आहेत, म्हणून तारेचा झोत तिला काटकोनात, पूर्व-पश्चिम येतो. ४० मीटरवर या उंचीला दिशेचा फारसा फरक पडत नाही. २० मीटरवर युरोप वायव्येला, म्हणजे झोताच्या कडेला. दोन झाडे ईशान्य-नैर्ऋत्य असती तर उत्तम.

सध्याची स्थिती

पहिल्या पावसाळ्यात दोन गोष्टी झाल्या. मुसळधार पावसात ओल्या आवरणामुळे ४० मीटरचा रेझोनन्स काही किलोहर्ट्झ खाली सरकतो आणि ऊन पडले की परततो. त्याला हात लावलेला नाही. दुसरे, एका जोडावर टेप सैल गुंडाळली गेली होती, तिथे पाणी शिरले आणि एसडब्ल्यूआर अचानक १.६ चा १.१ झाला. सरांनी या वेळी चांगला आकडा पाहून आनंद न मानता थेट परस गाठले, कोॲक्स कापून पाहिली, जाळी काळी पडलेली. दीड मीटर तुकडा टाकून नवा जोड सेल्फ-फ्यूजिंग टेपने बंद केला.

वळवाचे ढग दिसले की कोॲक्स घराबाहेरच सोडवून अर्थ रॉडच्या पट्टीला लावायची, हे आता सरांच्या पत्नीच्याही हाताचे काम झाले आहे. ती अर्थ पट्टी घरच्या अर्थिंगला जोडलेली आहे. कॅनच्या दोरीवर लाल टेपच्या दोन खुणा आहेत, मध्य साडेआठवर आणि साडेदहावर येतो त्या. साडेआठची खूण वादळाचा इशारा असेल तेव्हासाठी. गच्चीवर आता फक्त कुरडया वाळतात.